झोपकाकू

डेअरीच्या कट्ट्यावर दुधाची बरणी ठेवली की दूध मापणाऱ्या कौसाकाकू आधी दुधाकडं नाही, आमच्या तोंडाकडं बघायच्या. "काल झोप लागली का गं?" हा पहिला प्रश्न. मग दुधाची तपासणी. आमचं गाव तेलगावच्या बाजूचं. सहकारी डेअरीत दूध घालायला सकाळी पोरंच यायची, निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. आम्ही काकूंना मागून 'झोपकाकू' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. "म्हणा मेल्यांनो," म्हणायच्या, "पण खरं सांगा."

काकूंचा धाकटा भाऊ कॉलेजात असताना रात्र-रात्र जागायला लागला होता. मग भिंतीशी बोलायला लागला. घरच्यांनी देवऋषी केले, दोरानं बांधून ठेवलं, आणि एक दिवस तो जो घरातून गेला तो परत आलाच नाही. "आदी झोप गेली, मंग पोरगं गेलं," काकू सांगायच्या. "त्याला कुनी इचारलंच न्हाई, बाई."

माझी बहीण मंदा बारावीत होती तेव्हा 'सगळे माझ्याबद्दलच कुजबुजतात' म्हणून घरात बसली. आई म्हणाली नजर लागली. आजी म्हणाली, उजवून टाका, सुदरल. एका सकाळी मी तिला ओढतच डेअरीवर नेलं; काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मंदा हमसून हमसून रडायला लागली. काकूंनी तिथल्या तिथं डेअरीला कुलूप घातलं आणि तिला एसटीनं अंबाजोगाईला डॉक्टरांकडं नेलं. गावाचं दूध नासलं. चेअरमन तणतणत आले, तर काकू त्यांनाच म्हणाल्या, "दूध उद्या बी निघंल, चेअरमनसाहेब. पोरगी गेली तर कुटून आनायची?" मंदा आज दोन लेकरांची आई आहे आणि माझ्याशी यथेच्छ भांडते.

त्याच दिवशी काकूंनी डॉक्टरांना स्वतःचं विचारलं. नवरा वारलेला, दत्तू एकुलता एक. "माज्या भावाला झालतं. माज्या दत्तूला हुईल का?" डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "घरात कुणाला असलं तर धोका थोडा वाढतो, पण बहुतेक पोरांना काही होत नाही. कुणाला होणार, हे आम्हालाही आधी सांगता येत नाही. लक्ष ठेवा." काकू बाहेर येऊन करवादल्या, "दुधाचं फॅट कळतंय, पोटच्या पोराचं कळंना. काय करायचं असलं शिक्शान!" पण दुसऱ्या दिवसापासून गावाच्या आधी त्या दत्तूला विचारायला लागल्या.

मग दुष्काळ आला. माजलगावच्या धरणाचा तळ दिसला, जनावरं छावणीला गेली, डेअरी ओस पडली. टँकर कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळं अख्खं गाव विहिरीशी जागायचं. काकूंनी प्रश्नच सोडून दिला. "कुनाला इचारू? झोपलंय कोन हितं?" कॉलेजातल्या दत्तूनं सगळ्यांच्या घागरींची राखण आपणहून अंगावर घेतली. "तुमी झोपा, मी हाय," म्हणायचा. लई गुणाचं पोरगं, असं बाया म्हणायच्या. मीही म्हणायची. काकू नुसत्या फुलून यायच्या. ज्या दिवशी टँकर येणार नसायचा त्या दिवशीही तो तिथंच जागा असायचा, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी त्यानं सगळ्यांच्या भरलेल्या घागरी एकामागून एक पालथ्या केल्या. "पिऊ नका, इख कालवलंय!" ओरडत होता. दुष्काळातलं पाणी ते! माणसं काठ्या घेऊन धावली. काकू मधे पडल्या. "मारू नगा रे, आजारी हाय त्यो!" स्वतःच्या तोंडून तो शब्द निघाला मात्र, आणि तशाच चिखलाच्या पायांनी त्यांनी त्याला अंबाजोगाईच्या एसटीत बसवलं.

दत्तूला औषधं लागू पडली. घरचं बघायला लागला, हळूहळू बोलायला लागला. काकू मात्र सावरल्या नाहीत. "साऱ्या गावाला इचारलं गं मी. नेमकं त्या साली माज्याच लेकराला इचारायचं ऱ्हायलं." डॉक्टरांनी समजावलं की विचारलं असतं तरी कदाचित झालंच असतं. 'कदाचित' या शब्दानं आईचं समाधान होतं होय? झुरून झुरून काकू गेल्या. माझा जीव त्यांच्यासाठी अजून तुटतो.

दहाव्याला दत्तू डेअरीच्या कट्ट्यावर एकटाच बसला होता, डोक्याचं मुंडण केलेला. मी जवळ जाऊन बसले. जेवलास का, विचारलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, अगदी काकू बघायच्या तसं.

"ताई, काल झोप लागली का?"

लागली, असं म्हणणारच होते मी. पण त्या कट्ट्यावर खोटं बोलवेना. "न्हाई रे दत्तू," म्हणाले आणि मला रडूच कोसळलं.

त्यानं मला रडू दिलं. मग खाली बघत म्हणाला, "मला बी न्हाई, ताई. लई दिस झाले."

मी डोळे पुसले आणि दहाव्यालाच आलेल्या मंदाला हाक मारली, "मंदे, अंबाजोगाईची एसटी कधी हाय बघ गं."