आमच्या यादीत हे नाव नाही

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कळंबचं ते व्हिसाचं प्रकरण मात्र अजून वेगळं आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक मुलगी, एक वकील आणि वकिलांची एक संघटना, एवढाच मामला. आणि त्या काळात मी तिघांवरही संशय घेतला होता.

खबर ई-मेलने आली. परदेशी जाणाऱ्यांना व्हिसा, तिथला कामाचा परवाना, तिथलं वास्तव्य यांबाबत सल्ला देणाऱ्या वकिलांची पुण्याकडे एक संघटना आहे. तिने अधीक्षक कार्यालयाला कळवलं होतं की, कळंब येथे एक इसम आमचं बोधचिन्ह लावून लोकांचे व्हिसाचे अर्ज भरतो. आमच्या यादीत हे नाव नाही. तरी योग्य ती कारवाई व्हावी. सोबत बेंबळीच्या एका मुलीची तक्रार जोडली होती. वकील फोन उचलत नाही म्हणून तिने त्याच्या ऑफिसातल्या पाटीवरचं संघटनेचं नाव शोधून थेट तिथेच लिहिलं होतं. शेरे गोळा करत तो कागद माझ्या टेबलावर आला. मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो.

आमचे जमादार येरमाळ्याचे. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "साहेब, पुण्याच्या वकिलास्नी कळंबची काळजी कवापासून लागली?"

"धंदा बुडत असेल त्यांचा."

"मंग धंद्याचं भांडण हाय. आपण कशाला मधी?"

मलाही तसंच वाटत होतं. पण अर्ज आवक नोंदवहीत चढला की चौकशी टळत नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला जबाबासाठी बोलावलं.

ती वडिलांबरोबर आली. नर्सिंग झालेली, धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात अकरा महिने नोकरी. युरोपातल्या एका रुग्णालयाने तिला काम देऊ केलं होतं. पण त्या देशाच्या दूतावासाची नोटीस आली होती: अर्जासोबतचा अनुभवाचा दाखला बनावट दिसतो, सोमवारपर्यंत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर फसवणूक करणारी म्हणून तिचं नाव नोंदलं जाणार होतं, आणि मग पाच वर्षं अर्जच करता येणार नव्हता.

मी दाखल्यावरची वर्षं मोजली. "पास कधी झालीस?"

"दोन वर्षं झाली, साहेब."

"आणि अनुभव तीन वर्षांचा. पास व्हायच्या आधीच वर्षभर नर्स होतीस का?"

"तो दाखला मी बघितलाच नाही. वकीलसाहेबांनी फॉर्मवर सह्या घेतल्या. म्हणले, बाकीचं मी बघतो."

"शिकलेली मुलगी न वाचता सही करते?"

वडील पुढे सरकले. "साहेब, चूक माझी हाय. ती म्हणली हुती, वाचून बघते. म्याच म्हणलं, वकिलाम्होरं कागद चाळत बसू नये, बरं दिसत न्हाय. आमच्या घरात भिंतीवर कुणाचा फोटो हाय ते तुमाला सांगाया नको. ते बी बॅरिस्टरच हुते. काळा कोट दिसला की आमचा हात आपोआप जोडला जातो."

ऐकायला हे खरं वाटत होतं. तरी मी पूर्ण विश्वास ठेवला नाही. पैसे मोजून दाखले आणणारे आणि नंतर ठाण्यात रडणारे पालक मी पुष्कळ पाहिले होते. जबाब घेतला आणि टिपणात लिहिलं: मुलीचा सहभाग पडताळणे.

वकिलाचं ऑफिस बाजारात एका बियाण्यांच्या दुकानावर होतं. भिंतीवर संघटनेची पितळी पाटी. माणूस चाळिशीच्या आतला, सनद खरी. ठाण्यात बोलावल्यावर कोट घालून आला आणि पायावर पाय टाकून बसला.

"दाखला कुठून आला?"

"तिनं आणला. मी जोडला. सही तिची, अर्ज तिचा. मी फक्त सल्ला देतो, साहेब."

"ती म्हणते, तिनं बघितलाही नाही."

"आता तसंच म्हणणार की. तिच्या जागी तुमी असता तर दुसरं काय म्हणला असता?"

"आणि ही पाटी? संघटना म्हणते तुम्ही त्यांचे कोणी नाही."

तो हसला. "संघटनेचं संघटनेलाच इचारा ना. तेवढं तरी सांगतात का बघा."

दोन दिवस बोलावून फिरवून फिरवून विचारलं. सूतभर हलला नाही. जमादारांना 'मामा' म्हणत चहा मागायचा. मात्र त्याचं ते हसणं मला खटकत राहिलं. पाटी चोरून लावणारा माणूस संघटनेचं नाव काढल्यावर घाबरायला हवा. हा निर्धास्त होता. मी संघटनेला फोन करून जबाबासाठी कोणीतरी पाठवा म्हणून सांगितलं.

शनिवारी दुपारी संघटनेच्या चिटणीस आल्या. पन्नाशीच्या वकीलबाई, बोलणं मोजकं. खुलाशाच्या कामासाठी मी मुलीला आणि वडिलांनाही बोलावलं होतं. ते बाहेर बाकावर बसले होते, आणि तो वकील जमादारांच्या खोलीत.

"कळंबच्या त्या वकिलाला ओळखता?" मी विचारलं.

"आमच्या यादीत हे नाव नाही."

मी ओळखीचं विचारलं होतं, उत्तर यादीचं आलं. ई-मेलमध्येही शब्द न् शब्द हेच वाक्य होतं. मी पुढे काही विचारलं नाही. जमादारांना खूण करून त्या वकिलाला आत आणायला सांगितलं.

तो दारातून आत आला, बाईंना पाहिलं आणि जागीच थांबला. कोटाचं बटण लावलं. मी खुर्ची दाखवली तरी बसेना. दोन दिवस माझ्यासमोर ज्याने पायावरचा पाय काढला नव्हता, तो हात मागे घेऊन उभा राहिला. कोर्टात उमेदवारी करणारा वकील आपल्या वरिष्ठांसमोर कसा उभा राहतो, हे नोकरीतल्या प्रत्येक तारखेला पाहिलेलं होतं.

जमादार माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, ह्येचं तर मास्तरच आलं वाटतं."

मी त्याला बाहेर पाठवलं. "मॅडम, आज यादीत नाव नाही. आधी होतं का?"

तो गेला त्या दाराकडे बाईंनी पाहिलं. मग म्हणाल्या, "होतं. माझ्याच ऑफिसात काम शिकला तो."

"काढलं कशासाठी?"

"एका अर्जदाराच्या कागदात असाच अनुभवाचा दाखला निघाला. समितीनं बोलावलं. त्यानं लेखी कबूल केलं. आम्ही नाव कमी केलं."

"सनद देणाऱ्या परिषदेला कळवलं? दूतावासांना?"

"नाही. घरातली गोष्ट घरात मिटवायची असं ठरलं. सगळ्यांचीच बदनामी झाली असती."

"मग तो त्याच्या घरी आला. कळंबला. पाटी घेऊन."

मी त्यांना परिस्थिती समजावली. आज मुलीच्या बाजूला फक्त तिचा शब्द होता, आणि तिच्याविरुद्ध तिचीच सही. या माणसाने हेच आधीही केलं आहे आणि त्याची कबुली आहे, एवढं संघटनेने लिहून दिलं तर चित्र बदलत होतं.

त्या व्हरांड्यात जाऊन अध्यक्षांशी फोनवर बोलल्या. आवाज चढला, उतरला. परत येऊन म्हणाल्या, "पुढच्या महिन्यातल्या बैठकीत विषय घेऊ म्हणतात."

"सोमवार परवा आहे."

त्यांनी पर्स उचलली. गेल्या बाई आता पुण्याला, असं मी मनात धरलं होतं. त्या दाराबाहेर पडल्या, तसे बाकावरचे वडील उठले आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम, मॅडम. पोरीचं काय व्हईल?"

बाई थांबल्या. "काका, आधी हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. मग वळून आत आल्या. "कागद द्या. मी चिटणीस म्हणून लिहून देते. कबुलीची प्रत आज रात्री ऑफिसातून पाठवते."

त्यांनी स्वतःच्या हाताने जबाब लिहिला. माणूस आमचा होता, याच कारणासाठी काढला आणि आम्ही ते कोणालाही कळवलं नाही, हे वाक्यसुद्धा त्यांनी गाळलं नाही.

तो जबाब मी वकिलाला वाचून दाखवला. "मॅडमनी लिहून दिलं?" त्याने दोनदा विचारलं. "त्यांची खुर्ची जाईल, साहेब." मग तो बसला आणि पहिल्यांदाच पाणी मागितलं. त्याने कबूल केलं की दाखला त्याच्याच संगणकावर तयार झाला होता. त्यावरचा शिक्का बियाण्यांच्या दुकानामागच्या खोलीत मिळाला. पंचनामा करून मुद्देमाल ताब्यात घेतला, फसवणुकीचा आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला. प्रथम खबरीची प्रत, बाईंचा जबाब आणि ती जुनी कबुली मुलीच्या खुलाशासोबत सोमवारी सकाळी दूतावासाकडे रवाना झाली.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. अर्ज नामंजूर, पण अर्जदार फसवली गेली हे मान्य. बंदी नाही. ती नोकरी हातची गेली. मुलीने इथेच पुरता अनुभव घेतला, स्वतः कागद वाचून नव्याने अर्ज केला आणि नंतर गेली. चिटणीसबाईंचं पद त्याच वर्षी गेलं, असं मला पुढे कळलं.

उत्तर आलं त्या दिवशी वडील ठाण्यात आले होते. "पोरीच्या नावाला डाग लागला न्हाय, साहेब," म्हणाले. उठता उठता त्यांनी विचारलं, "त्येला काढलं तवाच ह्यांनी कुणाला सांगितलं असतं, तर आमी त्येच्याकडं गेलो असतो व्हय?"

तो संघटनेचा प्रश्न आहे, असं मी म्हणू शकलो असतो. पण त्याच आठवड्यात आमच्या एका कर्मचाऱ्याची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती. पासपोर्टच्या पडताळणीत तो लोकांना त्रास देतो, हे सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं. आदेशावर लिहिलं होतं: प्रशासकीय कारणास्तव. त्या दोन शब्दांपलीकडे नव्या ठाण्याला काही कळणार नव्हतं, आणि तिथल्या लोकांना तर तेवढंही नाही.

एका व्यवसायातली माणसं एकत्र येऊन संघटना करतात, तेव्हा तिचा लोकांना उपयोग किती, हे मी आता एकाच गोष्टीवरून ठरवतो. आपल्यातला माणूस चुकला तर ती ते बाहेरच्यांना सांगते का? नुसतं नाव कमी केल्याने तो माणूस थांबत नाही. तो फक्त ज्यांना माहीत नाही त्यांच्याकडे जातो. आमचं खातं यापेक्षा वेगळं वागतं, असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या माणसाविषयी अहवाल पाठवताना मी कारण स्पष्ट लिहीत गेलो: काय केलं, कोणाला भोगावं लागलं. त्यातल्या दोघांनी माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला येण्याचं टाळलं.