आत्याबाईच्या मिशा आणि रोमचे बैल

माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी लढाई मी रोमच्या बाजूने लढले की कार्थेजच्या, हे मला अजूनही सांगता येत नाही. जिंकले मात्र मी, एवढं खरं.

मी अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. दोन-तीन वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात इतिहास घेणारी मुलं इतकी रोडावली, की हजेरी घ्यायला नजर फिरवली तरी पुरायची. संस्थेने ठरवून टाकलं, की यंदा मुलं वाढली नाहीत तर विषय बंद. विषय बंद म्हणजे मी अतिरिक्त. मग सरकार कुठे पाठवेल तिथे बोचकं घेऊन जायचं, आणि इतिहासाऐवजी हाती पडेल ते शिकवायचं. विषय बदलून घ्यायची मुदत पोळ्यानंतर लगेच संपत होती. माझं डोकं तसं पटकन तापतं. त्या पावसाळ्यात ते थंड झालंच नाही.

मी वर्गात एक खेळ सुरू केला. इतिहासातली एक गोष्ट बदलायची आणि पुढे काय काय बदललं असतं ते पायरी पायरीने शोधायचं. अट एकच, गप्पा हाणायच्या नाहीत, कारण द्यायचं. मुलांनी त्याला 'जर-तर' नाव दिलं. दुसऱ्या विषयांची पोरं खिडकीशी उभी राहून ऐकायला लागली, तेव्हा मला वाटलं की आता जमलं.

ही बातमी संस्थेच्या सचिवांकडे गेली. हे जठारपेठेतले वकील. बोलणं गोड, पण समोरच्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. पण नाहीत ना? मग जर-तरवर वर्ग कसा चालवायचा?"

तिवशाला माझा भाऊ फुलं-भाजीपाला पिकवतो. त्याला दोन पोरी आहेत, म्हणजे मी खरोखरची आत्या. मिशांचा विषय माझ्या जिव्हारी लागला. मी म्हटलं, "सर, पोळ्याच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये या. वर्ग कसा चालतो ते दाखवते." बोलून गेले खरी, आणि बाहेर आल्यावर घाम पुसला.

विषय मी फार विचार न करता निवडला, कारण तो लहानपणापासून डोक्यात होता. रोमच्या हाडवैरी कार्थेज शहराचा तो सेनापती, हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडणारा, इटलीत एकदा दरीत अडकला. बाहेर पडायच्या खिंडीवर रोमचा पहारा. त्याने काय केलं? बैलांच्या शिंगांना जळती लाकडं बांधली आणि अंधारात त्यांना डोंगरावर हाकललं. पहारेकऱ्यांना वाटलं, शत्रू मशाली घेऊन डोंगरावरून पळतोय. ते खिंड सोडून तिकडे धावले आणि हा पठ्ठ्या मोकळ्या खिंडीतून सैन्यासकट निघून गेला. पुढच्या वर्षी याच सैन्याने रोमची एक अख्खी तरुण पिढी कापून काढली. सगळे सेनापतीच्या हुशारीचं कौतुक करतात. मला मात्र बैलच दिसतात. कौंडण्यपूरच्या यात्रेत एकदा आमच्या बैलापुढे फटाका फुटला होता. तो नंतर कितीतरी दिवस विस्तव दिसला की थरथरायचा, आणि बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे.

तर ठरलं असं: मुलांचे दोन पक्ष करायचे, रोम आणि कार्थेज. वादविवाद झडत्यांतून. पोळ्याला आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे राहिले की एकमेकांना टोमणे मारणारी कवनं म्हणतात, त्या झडत्या. मग टेबलावरच्या मातीच्या बैलांच्या शिंगांना कापसाच्या वाती लावून पेटवायच्या, आणि मी विचारणार, 'ही युक्ती फसली असती तर?'

हॉल गच्च भरला. सचिव पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. रोमवाल्यांनी सुरुवात केली:

"हत्ती आनले, घोडे आनले, आनला मोठा थाट,
खिंडीतून निघाले आता सापडंना वाट!
हर बोला, हर हर महादेव!"

कार्थेजवाले काय ऐकतात!

"म्हातारा तुमचा सेनापती बसला टेकडीवर,
लढाले बोलावलं का म्हनते, उद्या पाहू बरं!"

रोमचा सेनापती खरंच तसा होता, लढाई टाळून शत्रूला दमवणारा. सगळा हॉल हसला. मी काडेपेटी कार्थेजच्या सेनापतीपुढे धरली. ही एक उंच, दणकट पोर. समाजशास्त्र घेतलेली, पण खिडकीतून आमच्यात शिरलेली. ती काडेपेटीकडे बघतच राहिली.

"मॅडम, मी नाई लावत."

"कावून?" घाबरले की माझी वऱ्हाडी आपोआप बाहेर येते.

"आज खांदमयन हाय ना! आज बैलाचे खांदे तुपानं चोयतात, त्याले उद्याच्या जेवनाचं आवतन देतात. आन् आपन त्याच्या शिंगाले आग लावाची? मातीचा असला म्हनून काय झालं? घरी माय जीव घेईन माया!"

तिच्या पक्षातल्या पोरांनी वाती खाली ठेवल्या. रोमवाल्यांनीही माना डोलावल्या. शत्रूसुद्धा फितूर! मी कपाळाला हात लावला. माळ्याची लेक मी, आणि खांदमळणीच्या दिवशी बैलांच्या शिंगांना आग लावायचा कार्यक्रम मीच ठेवला होता. सचिवांनी घड्याळ पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात मला दिसलं, की इतिहास माझ्यासमोर बदलून बसलाय.

"बरं," मी म्हटलं, "सैन्यानं नकार दिला. बैल जागेवर. मशाली नाहीत. आता पुढं सांगा."

एकच गलका झाला. रोमचा पहारा खिंडीतून हलणार नाही! कार्थेजवाले दरीत उपाशी मरतील! 'उद्या पाहू' म्हणणारा म्हातारा हिरो ठरेल! पुढच्या वर्षीची कत्तल होणार नाही, म्हणजे ती तरुण पोरं घरी जाऊन शेती करतील. रोमला एवढा घाव बसणार नाही, मग सूड म्हणून तो कार्थेज शहर बेचिराखही करणार नाही, आणि कार्थेज टिकलं तर रोमला साम्राज्य पसरवू देणार नाही. प्रत्येक उत्तराला मी 'कशावरून?' विचारत होते आणि प्रत्येकाला कारण मिळत होतं. एकाने विचारलं, "रोमचं साम्राज्यच झालं नाई तर त्यायच्या राजांच्या नावाचे जुलै-ऑगस्ट कुठून येतीन? मंग पोया कवा?" उंच पोर गरजली, "पोया श्रावनातच! त्याले रोमचं काय काम?"

आणि सचिव उठले. बोट वर करून, कोर्टात उठतात तसे.

"थांबा! साम्राज्य झालं नसतं तर रोमचा कायदा जगभर पसरला नसता. करार, मालकी, वारसा, निम्मं कायद्याचं शास्त्र तिथून आलंय. तो नसता तर आम्ही वकिलांनी काय केलं असतं?"

उंच पोरीने हात जोडले. "सर, आत्याबाईले मिशा असत्या तं..."

हशाने हॉल कोसळला म्हणायचा. सचिव क्षणभर लालबुंद झाले, मग सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. बसले मात्र नाहीत. तिथेच उभं राहून कार्थेजचा कायदा कसा असता, यावर पोरांशी भांडत राहिले. मला त्यांना जेवणाची आठवण करून द्यावी लागली. माझा आनंद पोटात मावत नव्हता, आणि मी तो लपवलाही नाही.

पोळ्यानंतर कार्यालयाबाहेर विषय बदलून घेणाऱ्यांची रांग लागली. पहिली उभी होती कार्थेजची सेनापती. शेजारच्या वर्गातून बाकं ओढून आणावी लागली. विषय राहिला, मी राहिले.

पुढच्या सोमवारी वर्गात शिरले तर फळ्यावर खडूने एक बाई काढलेली. चष्मा माझा, अंबाडा माझा, आणि नाकाखाली झुपकेदार मिशा. खाली लिहिलं होतं, 'आता काय म्हनाचं?'

मी डस्टर उचललं, फळ्याचा बाकीचा भाग स्वच्छ पुसला, मिशा तशाच ठेवल्या आणि शिकवायला सुरुवात केली.