वन्संचा वाटा

आता माझ्या मोबाइलमध्ये जाहिराती येत नाहीत. मुलाने महिन्याचे पैसे भरून ठेवलेत. भजन लावलं की शेवटपर्यंत भजनच चालतं, मधे कोणी साबण घेऊन येत नाही. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण मला आपलं चुकल्यासारखं होतं. एके काळी जाहिरात लागली की माझा फोन वाजायचा आणि पलीकडून वन्सं म्हणायच्या, "बोल गं वहिनी, तो मेला जाईपर्यंत बोल."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नरपडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या. होडी लागली की बायकांमध्ये सगळ्यांच्या आधी गुडघाभर पाण्यात ह्याच. आणि दिल्या कुठे, तर तलासरीला, हायवेच्या कडेला! यजमानांचं टायरचं दुकान. माझी सासू म्हणायची, "मासळी नेऊन डोंगरावर ठेवली गं मी." वन्सं स्वतः हसत सांगायच्या, "पहिलं वर्षभर रात्री ट्रक गेले की वाटायचं लाटाच आल्या. मग कळलं, ट्रकच आहेत."

पण त्या माहेर सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. दर हंगामाला येऊन चार-आठ दिवस राहायच्या, बोंबील निवडायला बसायच्या आणि माझ्या कामात चुका काढायच्या. यजमान गेले, मग इकडे माझे मालक गेले, तरी येणं चुकलं नाही. चुकलं ते मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा. ऑपरेशन झालं, पण चालणं राहिलं खाटेपासून दारापर्यंत. एसटीची पायरी काही चढवेना.

आमच्या घरात सासऱ्यांपासून एक रीत आहे, ती इथेच सांगून टाकते. होडी लागली की विक्रीच्या आधी वाळूवर वाटे घालायचे. होडीचा एक, जाळ्याचा एक, खलाशांचे त्यांचे त्यांचे. आणि त्याशिवाय, होडी लागताना किनाऱ्यावर जो कोणी उभा असेल, म्हातारी असो, वाटसरू असो, त्याचा एक लहानसा वाटा. ज्याने मासळी उतरताना डोळ्यांनी पाहिली त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. आणि सगळ्यांत आधी, दर्याला नमस्कार केल्या केल्या, लेकीचा वाटा. लेक कुठेही असो. तिचा वाटा सुकवून ठेवायचा आणि कोणी जाणारं मिळालं की धाडायचा. वन्संचा वाटा मी लग्न होऊन आले तेव्हापासून घालत होते.

तर नेट स्वस्त झालं त्या सुमाराची गोष्ट. माझी सून बारावी शिकलेली, हुशार. एकदा आम्ही दोघी वन्संना बघायला गेलो, तर त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "एकदा होडी लागताना दाखव गं मला, मग मी मेले तरी चालेल." सून म्हणाली, "आत्या, मरायचं कशाला? रोज दाखवते." आणि तिने खरंच दाखवलं! होडी यायच्या वेळेला ती मोबाइल बांबूला बांधायची आणि लाइव्ह करायची. तिकडे वन्सं मुलाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, मोबाइलवर बघायच्या आणि आपल्या बटणांच्या फोनवरून मला सूचना करायच्या. "वाटा बघ केवढासा घातलाय. माझा भाऊ असता तर हात आखडला नसता." मी किनाऱ्यावरून ओरडायची, "वन्सं, आज होडीतच काही नाही, मी काय वाळू घालू?"

आमची ही भांडणं परकी माणसं ऐकत होती हे मला कुठे ठाऊक! सुनेने ते सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. पाच होते, पन्नास झाले. कोणी नाशिकचं, कोणी नागपूरचं. एक बाई तर तिकडे आखातात, तिकडेही म्हणे समुद्र आहे, पण बोंबील नाहीत. ती आमच्या वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बोंबील बघून लिहायची, 'आई, वास इथपर्यंत आला.'

मग लाइव्ह ज्या साइटवर चालायचं त्यांनी सोय काढली, की बघणाऱ्याला आवडलं तर तो पैसे पाठवू शकतो. पहिल्यांदा आले तेव्हा सून नाचत आली.

"आई, नाशिकच्या ताईंनी सपोर्ट केला!"

"कशाला केला? त्यांना काय हवंय, सुकट की बोंबील?"

"काही नकोय. आवडलं म्हणून दिले."

"आवडलं म्हणून कोण देतं? बयाणा असेल. विचार त्यांना."

"आई, बघायचे पैसे आहेत ते."

"दर्या बघायचे? तो काय तुझ्या बापाचा आहे?"

ती कपाळाला हात लावून बसली. पण मी डहाणूच्या बाजारात आयुष्य काढलेली बाई, माल न देता पैसे ठेवून घेणं मला जमेना. शेवटी मीच मार्ग काढला. ही माणसं मासळी उतरताना हजर असतात ना? मग ती किनाऱ्यावर उभी आहेत असंच धरायचं. दुसऱ्या दिवशी वन्संचा वाटा घातला आणि त्याच्या शेजारी मोबाइलकडे तोंड करून एकेक लहान वाटा घालत गेले. "हा नाशिकच्या ताईंचा. हा आखातवाल्या लेकीचा. हा त्या कोण 'डॉन' नाव लावलेल्या भावाचा. काय रे डॉन, काटा चालतो ना?"

सून आधी लाजेने पलीकडे वळली होती. पण बघणारे खुळावले! जो तो म्हणे, आमचा वाटा घाला. आता ते वाटे कोणी न्यायला येणार नव्हते, मग ते जायचे आमच्या आळीतल्या ज्यांच्या घरी होडी नाही अशा म्हाताऱ्यांकडे. एक म्हातारी तर रोज विचारायची, "आज मी कोणाचं खाऊ गं? नागपूरचं की डॉनचं?"

शेजारणी टोमणे मारायच्या, सुनेला मोबाइलात बसवली म्हणून. मी म्हटलं, बाजारात पाटी घेऊन बसलो तेव्हा येणाराजाणारा तोंड बघतच होता. तेव्हा नाही लाजलो, आता काय?

एक त्रास मात्र होता, जाहिराती. नेमकी होडी वाळूला लागायची आणि वन्संच्या हातातल्या मोबाइलवर कोणीतरी गोरी बाई केस उडवत यायची. वन्संचा जीव वरखाली. "अगं लागली का होडी? काय आलं? सांग ना!" मग ती बाई जाईपर्यंत मी फोनवर सांगायची, हलवा आलाय, घोळ नाही, बोंबील मायंदाळ. त्यातच भाचेसुनेची कागाळी व्हायची, पायाचं दुखणं व्हायचं. जाहिरात संपली की वन्सं बोलता बोलता फोन ठेवून द्यायच्या. "आली होडी, ठेव!"

२०१९च्या उन्हाळ्यात भाच्याने बिनजाहिरातीचे पैसे भरले. आईला त्रास नको म्हणून. वन्सं खूश. फोन कमी झाले, पण वाटे उरकल्यावर एक फोन तरी यायचाच, वाट्याला नावं ठेवायला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बोंबलांचा हंगाम लागला आणि सुनेच्या लाइव्हवर घाण लिहिणारे यायला लागले. बायका ओणव्या होऊन मासळी निवडतात, त्यावर काय काय लिहायचे. सून रडायची. मुलाने कोणाला तरी विचारलं, तर तो म्हणाला, वाट्यांचा भाग फक्त पैसे भरणाऱ्या सभासदांना दाखवा, रिकामटेकडे आपोआप गळतील. तसं केलं. मला एवढंच सांगितलं, "आई, आता घाण बंद." मी म्हटलं बरं झालं. वन्संची काळजी कोणालाच वाटली नाही, कारण भाचा तर पैसे भरत होता.

आणि वन्संचा फोन यायचा बंद झाला.

पहिल्या दिवशी वाटलं, झोपल्या असतील. मग मीच लावला, तर भाचेसून म्हणाली, "बा बोलत नाय, मामी." बा म्हणजे सासू; तिकडे घरात थोडी गुजराती, थोडी मराठी असंच बोलतात. त्या काळात तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत. म्हटलं त्यानेच धास्तावल्या असतील. वाटा तर रोज घालतच होते, मुद्दाम मोठा घालत होते, वर मोबाइलकडे बघून विचारत होते, "आज तरी बरा आहे ना वन्सं?" उत्तर नाही. घरात भांडी आपटली जावीत आणि आवाज येऊ नये, तसं झालं मला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुकलेले बोंबील पिशवीत भरले आणि तलासरीची एसटी धरली.

वन्सं खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

"वन्सं, मी आलेय."

"तिकीट काढलंस का?"

"एसटीचं? काढलं की."

"तुलाही लागलं म्हणजे. मला वाटलं माझ्या एकटीलाच लावलंस." आणि वळल्या. डोळे सुजलेले. "भाऊ होता तोवर दार उघडं होतं. भाऊ गेला, आता माझ्या बापाच्या किनाऱ्यावर यायला मला पैसे मागतेस? सभासद व्हा म्हणे! मी त्या घरात जन्मले गं, वहिनी. तू मागाहून आलीस."

मला काही कळेना. भाच्याने मोबाइल दाखवला. लाइव्ह चालू होतं, पण वाट्यांच्या वेळेला काळा पडदा आणि कुलपाचं चित्र. तो बिचारा म्हणाला, "मामी, मी तर पैसे भरतो. मला वाटलं ते तुम्हालाच येतात. तरी कुलूप कसं?"

मी तिथूनच सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "आई, भाऊजींचे पैसे जाहिरात बंद करायचे. ते कंपनीला जातात, त्यातलं आपल्याला आलं तर चिमूटभर. आपलं सभासद होणं वेगळं." मग मला उमगलं. महालक्ष्मीच्या जत्रेत गाडी लावायचे पैसे भरले म्हणून पाळण्यात कोणी फुकट बसवत नाही, तसं.

मी वन्संना समजावलं. भाचा लगेच म्हणाला, "मग सभासद होतो ना, त्यात काय!" आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो, "नाही!"

वन्सं म्हणाल्या, "माहेराला पैसे भरून जाणारी मी नव्हे." आणि मी म्हटलं, "लेकीच्या हातून घेऊन मी वर काय तोंड दाखवू तुझ्या मामाला?" मग वन्संनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "वाटा घातलास का मधे? की तोही बंद?"

"रोज घातला. मोठा घातला. तुम्ही शिव्या दिल्या नाहीत म्हणून तर आले."

सून अजून फोनवरच होती, स्पीकरवर. मी म्हटलं, "पोरी, काढ ते कुलूप." ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही वाचत नाही म्हणून. ते काय लिहितात ते मला वाचावं लागतं. मी हात मासळीत घालू की त्यांना हाकलत बसू?"

तिचंही खरं होतं. पण खाटेवरून वन्सं म्हणाल्या, "हाकलायला काय लागतं?"

"नावावर बोट दाबायचं, आत्या, आणि बाहेर काढायचं."

"एवढंच? इकडे दे. मी दिवसभर पडूनच असते."

सुनेने तिकडून काहीतरी केलं, भाच्याने इकडून केलं, आणि वन्संच्या हाती दाराची राखण आली. कुलूप निघालं. तेवढ्यात होडीची वेळ झालीच. म्हटलं आज मीही इथूनच बघते. माझा मोबाइल काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी आमचा किनारा लांबून बघत होते. ती वलांडी, मागे सुरूची झाडं, माझी उलटी घातलेली पाटी. आपलं घर इतकं लहान आणि इतकं आपलं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. तिकडे सुनेने होडीपाशी जाऊन दर्याला नमस्कार केला, हात वाळूकडे नेला आणि माझ्या मोबाइलवर साबण आला.

"अगं, घातला का वाटा? कोणाचा घातला?" मी खाटेवर वाकून विचारलं.

वन्संनी भाच्याचा मोबाइल छातीशी धरला. "माझ्याकडे साबण येत नाही. बस तू तुझी बाई बघत."

"वन्सं, सांगा ना!"

"माझा घातला. बरा घातलाय, तुझ्यापेक्षा हात मोठा आहे पोरीचा." मग मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "आता दुसरा घालतेय. म्हणते, हा सासूबाईंचा, त्या आज तलासरीच्या किनाऱ्यावर उभ्या आहेत."

मी डोळ्याला पदर लावला. साबणवाली गेली, आणि वन्सं एकदम ताठ झाल्या. "हा कोण रे? काय लिहिलंय याने?" भाच्याने वाचून दाखवलं, 'बोंबलांना वास येतो.'

"आई, तो काही घाण बोललेला नाही, राहू दे," भाचा म्हणाला.

तोवर वन्संनी बोट दाबलं होतं.