ओहायोतलं वरचं कोर्ट

नाशिक सोडून गाडी कसारा घाटाला लागली तेव्हा आई म्हणाली, "ताईची शपथ मोठ्या कोर्टात आहे ना? मग तिथे विचारून बघू." काय विचारायचं ते मला कळलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

माझी बहीण अदितीताई अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहते. कोर्टात शपथ घेऊन तिला तिथलं नागरिकत्व मिळणार होतं, म्हणून आम्ही दोघी निघालो होतो. तिचा घटस्फोट मागच्या वर्षी तिथल्याच कौंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टात झाला. खालच्या कोर्टाने मोडलेलं वरचं कोर्ट जोडू शकतं, असं आईचं म्हणणं. जिल्हा कोर्टावर हायकोर्ट, त्यावर सुप्रीम कोर्ट, हे नाशिकला कोणीही सांगेल.

कोलंबस सपाट, शांत शहर आहे. तिथे अनोळखी माणसं रस्त्यात हसतात. उलट हसायचं मला शेवटपर्यंत जमलं नाही. ताईने आणलेली द्राक्षं चाखून आई म्हणाली, "दिसायला बरी आहेत. दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना दाखवू नका."

कोर्टाची भव्य इमारत नदीकाठी आहे. दारातल्या मशीनने आईची पर्स अडवली. आतून अडकित्ता निघाला.

"हे कशासाठी?" पहारेकऱ्याने विचारलं.

"सुपारी," आई मराठीतच म्हणाली आणि हवेत कातरून दाखवलं. तो जरा मागे सरकला. जाताना परत देतो म्हणून त्याने अडकित्ता ठेवून घेतला.

ताई शपथ घेणाऱ्यांत बसायला आत गेली. बाहेर कोर्टाच्या एक कर्मचारी बाई उभ्या होत्या. आईने मला कोपर मारलं. "विचार की! इंग्लिश शाळेत काय गप्प बसायला घातलं होतं?"

मी विचारलं. कौंटीने दिलेला घटस्फोट इथे रद्द होतो का, एवढंच. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे केंद्राचं कोर्ट आहे," त्या म्हणाल्या. "केंद्राच्या कायद्याचा प्रश्न, केंद्र सरकारवरचा दावा, किंवा वेगवेगळ्या राज्यांतल्या माणसांचा मोठ्या रकमेचा वाद इथे येतो. लग्न, घटस्फोट राज्याच्या कोर्टांकडे. त्यांचं अपीलही राज्याच्याच वरच्या कोर्टात."

मी आईला मराठीत सांगितलं.

"म्हणजे हे त्याच्या वरचं नाही?"

"नाही. शेजारचं. दोघांचे जिने वेगळे आहेत."

"एवढी मोठी इमारत, आणि अधिकार नाही?"

हे बाईंना सांगितल्यावर त्या हसल्या. "आमचे न्यायाधीश आधी तेच बघतात, की हा विषय आपला आहे का. नसेल तर कितीही वाईट वाटलं तरी हात लावत नाहीत."

मी तेही आईला सांगितलं.

नागरिकत्व देताना अर्जदाराचं नाव बदलून देण्याचा अधिकार मात्र या कोर्टाला आहे. ताईने तसा अर्ज केला होता. आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही आत जाऊन बसलो तेव्हा न्यायाधीशांनी नवी नावं वाचली. ताईच्या नावामधलं नवऱ्याचं नाव गेलं होतं. तिथे आमच्या बाबांचं नाव होतं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली.

"अदिती वॅसंट," न्यायाधीश म्हणाले.

"वसंत," आई पुटपुटली. मग चष्मा काढून पुसत बसली. तेवढ्यात सगळ्यांनी शपथेसाठी उजवा हात वर केला. आईचा हात चष्म्यावरच होता.

बाहेर पडताना मी हळूच विचारलं, "राज्याच्या कोर्टाचा पत्ता विचारू का?"

"राहू दे. आधी माझा अडकित्ता घे."

नाशिकला आल्यापासून सगळे विचारतात, अमेरिकेत काय बघितलं? मला ते कोर्ट आठवतं. एवढं मोठं, पण आपली हद्द कुठे संपते ते आधी बघणारं. हे लोकांना सांगायला मला जमत नाही.

परवा पंचवटीच्या भाजीबाजारात शेजारच्या काकूंनी आईला गाठलं. "काय हो, जावईबापूंना भेटलात का? पोरीला जरा समजवायचं. अजून जमेल."

आईने मेथीची जुडी उलटून बघितली.

"तो विषय माझ्या कोर्टातला नाही हो," ती म्हणाली, आणि दुसरी जुडी उचलली.