टिलरची आंघोळ

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, बैल विकून नांगरणीचा दोनचाकी पॉवर टिलर घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी त्याला ओढ्यावर आंघोळीला नेलं. घरात कुणाला यात वावगं वाटलं नाही. राबून आलेल्या जनावराला धुवायचं ही त्यांची जन्माची सवय. आता जनावर डिझेल पितं, म्हणून ती सोडायची का? ओढ्याच्या उतारावर ते टिलर तिरका उभा करायचे, डावं चाक पाण्यात आणि उजवं काठावर. मग चिंधी घेऊन त्याला असं काही चोळायचे, की एवढं लक्ष त्यांनी स्वतःच्या मानेकडे उभ्या आयुष्यात दिलं नसेल.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, वरकुटे गावातली. माझं नुकतंच लग्न झालं होतं. मी बारामतीची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. म्हणजे मी माहेर सोडून त्याच्या खेड्यात आले आणि हा गडी खेडं सोडून माझ्या माहेरच्या गावात राहायला लागला. असा आमचा उलटा संसार. रविवारी तो एसटीनं यायचा, मटण खायचा, आईला माझ्याबद्दल आणि मला आईबद्दल चार गोष्टी समजावून सांगायचा आणि सोमवारी पहाटे निघून जायचा.

आबांचा गुडघा गेला होता. जोडीतला एक बैल मेला, दुसरा तांबडा त्यांनी शेजारच्या तात्यांना विकला. नवऱ्याचं म्हणणं, जमीनही तात्यांना वाट्यानं द्यावी. तात्यांनी पिकवावं, निम्मं आपल्याला द्यावं, आबांनी पारावर बसावं. तसं झालं तर मला सोबत नेऊन बारामतीत खोली घ्यायची असंही त्यानं ठरवलं होतं. पारावर बसायचं नुसतं नाव काढलं तरी आबांचा चेहरा उतरायचा. शेवटी ते म्हणाले, "कांद्याचं रान मी टिलरनं तयार करून दावतो. न्हाय जमलं तर दे कुणाला द्यायची त्याला." नवरा म्हणाला, "ठीक आहे. येत्या रविवारी बघू."

आमचं रान काळं. पाणी पाजलेल्या काळ्या रानात रबरी चाकं नुसती घसरतात, त्यासाठी ती काढून लोखंडी चाकं बसवावी लागतात. शनिवारी सकाळी आबा चाकं बदलायला बसले. उजवं चाक खीळ काढताच मुकाट्यानं हातात आलं. डावं काही केल्या हलेना.

खरं सांगते, मी चाकाच्या बाजूनं होते. भांडी घासता घासता मी त्या बारामतीच्या खोलीत पडदेसुद्धा लावून टाकले होते.

आबांनी रॉकेल ओतलं. हातोडा मारला. हातोड्याचा दांडा मोडला. मग पहार घेऊन ते चाकाशी असे भिडले, की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपासून ओरडल्या, "आवं, गुडघा ऱ्हायलाय एक चांगला, त्यो तरी ठिवा!"

आवाज ऐकून तात्या आले. चाक न निघण्यातच तात्यांचं सगळं हित होतं. रविवारी टिलर दारातच उभा राहिला की जमीन त्यांच्याकडे जाणार. पण आपल्याकडच्या माणसाला अडकलेली वस्तू दिसली की स्वतःचं हित दिसेनासं होतं. बाह्या सरसावून ते खाली बसले, आत डोकावले आणि म्हणाले, "आबा, ह्ये आतनं गंजलंय. आन् ह्येच चाक कसं काय? पाणी कुठनं गेलं ह्येच्यात?"

आबा पहार पुसायला लागले.

"कुठनं म्हंजी?" आत्याबाई म्हणाल्या. "रोज वढ्याला न्हायला जातंय की त्ये!"

तात्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण पोट हलायचं ते हललंच. मला तर पदर तोंडात कोंबावा लागला. आबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "दिवसभर राबतंय. तसंच घाण उभं करायचं व्हय?"

 तात्या चाचरत म्हणाले, "माझा बैल आणू का? वढून बघू."

माझा बैल म्हणजे तोच तांबडा. ज्याला विकून टिलर आणला, तोच आता टिलर सोडवायला येणार. आबांना हे किती लागलं असेल ते त्यांच्या पाठीवरून कळत होतं. पहार घेऊन ते बाजूला सरकून बसले.

तात्यांनी टिलर कडुनिंबाला बांधला, चाकाला साखळी अडकवली आणि साखळी बैलाला जोडली. एवढ्यात आत्याबाई कढत पाण्याची बादली घेऊन तरातरा आल्या. "रोज गार पाण्यानं न्हाऊ घालताय, म्हणून आखडलंय. आता घ्या कढत!" म्हणत त्यांनी सगळी बादली चाकाच्या मधोमध रिकामी केली. तापलं की लोखंड फुगतं हे मला शाळेत शिकवलं होतं. आत्याबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. त्या फक्त चिडल्या होत्या.

"वढ!" तात्या ओरडले. तांबडा ढिम्म. त्यांनी शेपूट पिरगाळलं, शिव्या घातल्या. तांबडा मान वळवून आबांकडे बघत उभा. शेवटी आबा उठले, लंगडत त्याच्याजवळ गेले, वशिंडावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "चल रं राजा."

साखळी ताणली, कडुनिंब करकरला आणि चाक निघालं. निघालं ते थांबलंच नाही. तांबडा चाकासकट माझ्या मेथीच्या वाफ्यातून थेट तात्यांच्या बांधावर गेला, मागे तात्या आणि त्यांच्या मागे आत्याबाई मेथीच्या नावानं ओरडत. मीसुद्धा आनंदानं ओरडले. मग आठवलं की त्या चाकाबरोबर आपली खोलीही चालली.

संध्याकाळपर्यंत लोखंडी चाकं बसली. रविवारी सकाळी आबांनी टिलर रानात घातला. मी चहा घेऊन गेले तेव्हा मशीन रानाच्या मधोमध उभं होतं आणि आबा बांधावर बसले होते. चारदोन फेऱ्यांतच गुडघ्यानं दगा दिला होता. दोन्ही हातांनी गुडघा दाबत ते रस्त्याकडे बघत होते. एसटीची वेळ झाली होती.

ते काही बोलले असते, कण्हले असते, तर मी चहा देऊन परत गेले असते. पण ते शाळेत उभ्या केलेल्या पोरासारखे त्या रस्त्याकडे बघत होते आणि मला एकदम राग आला. नवऱ्याचा आला, एसटीचा आला, खोलीचा आला. किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हटलं, "आबा, हे धरायचं कसं, सांगा."

"पोरी, तुला न्हाय जमायचं."

हे ते बोलले नसते तर कदाचित मला जमलंही नसतं.

पहिलं तास, म्हणजे नांगरटीची पहिली ओळ, असं वाकडं गेलं, की सापानंही नाव ठेवावं. टिलर मला ओढत होता, मी टिलरला. चिखल पोटरीपर्यंत आला. आबा बांधावरून बैल हाकल्यासारखे ओरडत होते, "हो हो हो! दाब! आता वळ! हाल्या, हाल्या!" यातलं मशीनला कुठलं आणि मला कुठलं, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच कळत नव्हतं. पण तिसऱ्या तासाला आम्ही सरळ चालायला लागलो.

नवरा आणि तात्या बांधावर येऊन उभे राहिले तेव्हा निम्मं रान झालं होतं. नवऱ्याचं तोंड उघडं. हातातली मटणाची पिशवी तशीच.

"आबा, हे काय चाललंय? थांबव गं ते!"

थांबवायचं कसं हे मला आबांनी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे मी थांबले नाही. आबाही वळून न बघता म्हणाले, "थांबू नगं पोरी, तास मोडंल." मग तात्यांकडे बघून म्हणाले, "तात्या, वाट्याचं ऱ्हाऊ द्या. रान माझी सून करतीया."

तात्या म्हणाले, "व्हय, दिसतंय की." आणि किटली बेवारस दिसली म्हणून तीतला सगळा चहा ओतून घेतला.  नवरा मात्र दिवसभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मटणाला त्या दिवशी हात लावायची ताकद माझ्यात नव्हती, त्यामुळे ते त्यानंच शिजवलं. चवीला बरं झालं होतं, हे मला आजही कबूल करवत नाही.

संध्याकाळी मी ओट्यावर पाय पसरून बसले होते. पोटरीवरचा चिखल वाळला होता, तो धुवायलाही उठवत नव्हतं. समोर टिलर अंगभर चिखल घेऊन उभा. आबा लंगडत बादली घेऊन आले, तशा आत्याबाई कडाडल्या, "खबरदार! पुन्यांदा त्याला न्हाऊ घातलं तर!"

आबा टिलरजवळून पुढे आले. सासऱ्यानं सुनेला पाणी काढून दिलेलं आमच्या आळीत कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. त्यांनी बादली माझ्या पायाशी ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "दिवसभर राबलीस. कढत हाय, जपून."