अडीचचे आटे

सेलूच्या आमच्या लेथच्या दुकानात भर दुपारी सहसा कुणी येत नाही. त्या दिवशीही आम्ही दोघेच होतो. पत्र्याच्या भोकांतून ऊन उतरत होते आणि त्यात लोखंडाची धूळ तरंगत होती. डबे धुऊन मी स्टुलावर बसले होते, अर्धवट झोपेत.

नवरा डायलशी झटत होता. डायल म्हणजे घड्याळासारखे माप. तिचे बारीक टोक शाफ्टला टेकवून शाफ्ट फिरवला की केसाएवढा वाकही काट्यावर दिसतो. जुने टोक झिजले, म्हणून त्याने स्क्रूसारखे फिरवून बसवायचे नवे मागवले होते. ते सैल वाटायचे, तरी दोन आटे आत जाऊन अडायचे.

"थोडा जोर लावून पाहा," मी म्हणाले.

"नोको. आटे मरतील."

दोन्ही टोके तळहातावर घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू पाह्य जरा. मले एवढं बारीक दिसून नाई राह्यलं."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

इतके महिने तो बोटांच्या अंदाजाने निभावत होता, आणि मी रोज शेजारी बसून मला ते कळले नव्हते. आट्यांचे गेज घेऊन मी दारात गेले. त्याच्या पात्यांना कंगव्यासारखे दात असतात. मिलीमीटरची पाती नव्या टोकावर घट्ट बसली. जुन्यावर तीच ठेवली, तर दातांच्या फटींतून उजेड झिरपू लागला, लहान लहान चंद्रकोरींसारखा. मी पाहतच राहिले.

"काय दिसते?" त्याने आतून विचारले.

"उजेड."

"मंग इंचाची पाती लाव. अठ्ठेचाळीसची."

ती लावली आणि उजेड मिटला.

"म्हणजे आपली डायल इंचाच्या आट्यांची हाय," तो म्हणाला. "एका इंचात अठ्ठेचाळीस. नवं टोक अडीच मिलीमीटर जाडीचं, त्याचे आटेही मिलीमीटरचे. जाडीले कमी, म्हणून सैल. आटे जुळत नाईत, म्हणून अडते."

मी दोन्ही टोके पुन्हा डोळ्यांजवळ धरली. तोवर मला सगळे स्क्रू सारखेच वाटायचे.

इंचाचे टोक आठवड्याने आले. ते मीच बसवले. नुसत्या चिमटीने फिरत फिरत शेवटपर्यंत गेले. त्याने शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला, मी काटा वाचून सांगत गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही वर्ध्याला चष्मा करायला गेलो.