उलाळ गाडी

बाबा समुद्रावर यायला तयार झाले ते एका अटीवर. व्हीलचेअर नको, त्यांची बॅटरीवरची स्कूटर हवी. "मला कुणी ढकलत न्यायचं नाही," ते म्हणाले. गुडघे गेल्यापासून ते दहा पावलांच्या वर चालत नाहीत. पुण्याहून आमच्याकडे ऑस्ट्रेलियात टूवूंबाला येऊन त्यांना दोन महिने झाले होते, आणि कुठे नेऊ म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही जा. माझं लोढणं कशाला?"

स्कूटर चाळीस किलोची, दुमडता न येणारी. गाडीची डिकी भरलेली, आणि गाडीमागे ओढत न्यायची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, तीही सामानाने भरलेली. म्हणून मी कॅराव्हॅनच्या पाठीमागे अडकवायचा लोखंडी कॅरियर आणला. मी मेकॅनिकल इंजिनियर, वीस वर्षं पंप बसवतेय. कॅरियर किती वजन पेलतो ते वाचलं, बोल्ट आवळले, स्कूटर पट्ट्यांनी करकचून बांधली. नवरा म्हणाला, "अगं, एकदा कॅराव्हॅनवाल्याला विचार तरी." मी म्हटलं, त्याला काय विचारायचं?

बाबा ओट्यावर बसून बघत होते. "गाडी उलाळ होईल," ते म्हणाले. पोस्टात लागण्याआधी त्यांनी उसाच्या गाड्या हाकल्या होत्या. मागे ओझं जास्त झालं की गाडीचं तोंड वर उचलतं, जू बैलांच्या मानेवर टेकत नाही, ती उलाळ गाडी.

"बाबा, ही बैलगाडी नाहीये," मी फटकन म्हटलं.

कॅराव्हॅनच्या पुढच्या दांडीला एक छोटं चाक असतं. गाडीला जोडताना हँडल फिरवून ते वर-खाली करावं लागतं. एरवी दोन हात लागतात, त्या दिवशी ते एका हाताने फिरलं. मला बरंच वाटलं! इंजिनियर म्हणे.

हायवेवर वीस मिनिटं झाली असतील, गाडी मी चालवत होते. बाजूने एक ट्रक गेला आणि कॅराव्हॅन डुलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, दर खेपेला जास्त, आमच्या गाडीलाही ओढत. ब्रेक न मारता पाय हळूच उचलायचा एवढी अक्कल शिल्लक होती. कडेला थांबलो. पुढे घाटाचा उभा उतार होता.

"अति शहाणा..." नवऱ्याने सुरुवात केली आणि माझं तोंड बघून बैल गिळला.

बाबा मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, "स्कूटर घरी ठेवा. मलाही ठेवा. तुम्ही दोघं जाऊन या." सांगितलं होतं ना, असं म्हणाले असते तर मी भांडले असते. मला फार लाज वाटली.

रांगत रांगत घरी आलो. कॅरियर सोडवून मी गॅरेजमध्ये टाकला. मग अंगणात खुर्ची मांडली, बाबांना बसवलं आणि म्हटलं, "तुम्ही सांगा."

ते काठीने दाखवू लागले. स्कूटर आत, चाकांच्या बरोबर वर. त्यासाठी जागा हवी, तर दोन कुकर, इडलीपात्र आणि दहा किलो तांदूळ बाहेर. चार दिवसांच्या ट्रिपला! "समुद्रावर इडल्या कसल्या करतेस? पाव खाऊ," ते म्हणाले. मग, "पुढे घे. अजून वीतभर. बास." पट्ट्या त्यांनी स्वतः ओढून बघितल्या. हँडल फिरवताना मला घाम फुटला.

"आता ठीक," बाबा म्हणाले.

तरी मी शेजाऱ्याकडून वजनकाटा आणून दांडीखाली ठेवला. आकडा हवा तेवढाच होता.

"बाबा, निघू का?" मी विचारलं. लग्न झाल्यापासून त्यांना कशाला परवानगी विचारल्याचं मला आठवत नाही.

समुद्राच्या कडेने सिमेंटचा सपाट रस्ता आहे. बाबा स्कूटरवर बसले आणि मागे न बघता निघाले. नवरा म्हणाला, "हाक मार, लांब चाललेत." मी मारली नाही. पाऊण तास नुसती घड्याळाकडे बघत बसले.

ते आले, आमच्यासमोर क्षणभर थांबले, आणि स्कूटर पुन्हा वळवली.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "मी जाऊन येतो."